आईबाबांसाठी घेतलेली गाडी

परवा ऑफिसात एकाने पेढे वाटले. नवीन एसयूव्ही घेतली म्हणून. "आईबाबांसाठी घेतली रे, गावाला ठेवायला. बाबा अजून तो जुना खटारा फिरवत होते. शेवटी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला." सगळ्यांनी फोटो बघितले, रंगाचं कौतुक केलं, मायलेज विचारलं. मीही पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. कारण दोन वर्षांपूर्वी याच पँट्रीत, जवळजवळ याच शब्दांत, मी पेढे वाटले होते.

आज शनिवार आहे, वेळ आहे. त्याला जे सांगायला हवं होतं ते लिहून टाकतो. मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: आपण पुण्या-मुंबईची पोरं गावच्या आईबाबांची जुनी गाडी देऊन जी नवी गाडी 'त्यांच्यासाठी' घेतो, ती बहुतेक वेळा आपल्या वीकेंडसाठी असते. आणि तिची खरी किंमत हप्त्यातून जात नाही, त्यांच्या फिरण्यातून जाते.

कडू वाटलं? मलाही वाटलं होतं. हिशेब मांडल्यावर जास्तच वाटलं.

आमचं घर चौलला. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, मग चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांचे चिऱ्याचे गडगे आणि त्या गडग्यांमधून जाणारे रस्ते. मूळचे बैलगाडीचे असावेत असं वाटावं इतके अरुंद. बाबा थळच्या आरसीएफमध्ये होते, २००९ साली रिटायर झाले. १९९९च्या पाडव्याला त्यांनी मारुती ८०० घेतली. पांढरी, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, एमएच-०६ नंबरची. आमच्या आळीतली ती दुसरी गाडी. आमचं कॉलेज, दादाचं लग्न, आजीचं शेवटचं आजारपण, सगळं त्या गाडीतून झालं.

थांबा, हा लेख आठवणींचा नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी भरपूर उसासे टाकून झालेत. मी स्वतः टाकलेत. पत्र्यावर जीव जडतो हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'आठवणी' हा शब्द आपल्याला फार सोयीचा पडतो, हेही तितकंच खरं. बाबा गाडी विकायला कुरकुरले की आपण म्हणतो, "जुन्या आठवणी आहेत ना, इमोशनल झालेत." झालं! बाबा इमोशनल आणि आपण प्रॅक्टिकल. आमच्या घरात प्रकार नेमका उलटा होता, हे मला दीड वर्षाने कळलं.

झालं असं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची गाडी २०१४ला झाली, २०१९ला झाली, २०२४च्या मार्चमध्ये परत करायची होती. दरम्यान एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,०००वर गेली होती. वर राज्याचा पर्यावरण कर. दादा म्हणाला, "भंगाराला एवढे पैसे? आता पुरे." मी लगेच हो म्हटलं. आम्ही दोघांनी व्हॉट्सॲपवर तीन दिवसांत गाडी ठरवली. ऑटोमॅटिक, सनरूफ, दहा इंची स्क्रीन, सहा एअरबॅग. मग बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "मी पेणला जाऊन आलो रे. पासिंग करून आणलंय. २०२९पर्यंत बघायला नको."

आम्ही काय म्हणालो असू? "अहो बाबा, उगाच पैसे घातलेत!"

एक माणूस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतः गाडी चालवत चौलहून पेणच्या आरटीओत जातो, इन्स्पेक्टरला गाडी दाखवतो, फी भरतो, पाच वर्षांची मुदत घेऊन येतो. याहून स्पष्ट 'नाही' कुठलं असतं? पण आम्हाला ते ऐकू आलं नाही. आम्ही पाडव्याचं बुकिंग केलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

आता इथे माझा पहिला आक्षेप नोंदवतो. "बाबाच हो म्हणाले" हे आपलं सगळ्यात लाडकं समर्थन. मंडळी, आपल्याकडे बापाचं 'बरं' म्हणजे होकार नसतो. मुलगा कमावता झाला, हौसेने काही करतोय, त्याचा विरस कशाला करा, एवढाच त्याचा अर्थ असतो. ऑफिसात क्लायंट नुसता 'ओके' म्हणाला तरी आपण चार वेळा रिक्वायरमेंट कन्फर्म करतो, मेलवर साइन-ऑफ घेतो. घरी मात्र एका 'बरं'वर अकरा लाखांची ऑर्डर टाकतो. सिस्टम वापरणार कोण, हा पहिला प्रश्न असतो आणि तो आम्ही विचारलाच नाही. वापरणारा कळवळून सांगत होता तेव्हा आम्ही सनरूफ बघत होतो.

आता गाडीकडे या. मारुती ८००ची रुंदी १,४४० मिलिमीटर. हल्लीच्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींची १,७९०च्या आसपास. फरक ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे दीड वीत. बाणेरच्या रस्त्यावर दीड वीत काहीच नाही. आमच्या वाडीचं फाटक दोन चिऱ्याच्या खांबांमध्ये बरोबर सात फूट आहे. आरसे धरले तर नव्या गाडीला दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं उरतात. पहिल्याच आठवड्यात डावा आरसा खांबाला लागला. बाबांनी स्वतःच्या पैशाने बदलून घेतला आणि आम्हाला सांगितलं नाही. आईने सांगितलं, सहा महिन्यांनी.

पन्नास वर्षं क्लच दाबलेला डावा पाय रिकामा राहिला की माणूस गोंधळतो. शनिवारी खड्ड्याशेजारून मुंबईकर जोरात ओव्हरटेक करतो आणि डॅशबोर्ड किंचाळतो. किंचाळला की बाबा ब्रेक दाबतात, मागचा हॉर्न वाजवतो. एकदा नागावच्या नाक्यावर चावीची बॅटरी संपली. रेवदंड्याचा मेकॅनिक, ज्याने ८००चा कार्ब्युरेटर डोळे मिटून साफ केला असता, तो म्हणाला, "काका, याला मी हात लावत नाही." आमच्या गाडीचं सर्व्हिस सेंटर पनवेलला. म्हणजे पूर्वी जे काम मेकॅनिककडे चहा पिता पिता व्हायचं, त्यासाठी आता अख्खा दिवस आणि एक मुलगा लागतो.

बाबांनी तक्रार केली नाही. फक्त गाडी काढणं कमी केलं.

हे मला कसं कळलं? गाडीबरोबर ॲप येतं. गाडी कुठे आहे, किती धावली, प्रत्येक फेरीची नोंद. २०२५च्या दिवाळीत गावी गेलो असताना रिकामपणी ते उघडून बसलो. दीड वर्षात गाडी ११,२०० किलोमीटर धावली होती. मस्त वाटलं. मग फेऱ्या पाहिल्या. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ, गणपती, नाताळ, दादाची महाबळेश्वर ट्रिप, आमची गोवा ट्रिप. मधल्या वारी अलिबागच्या फेऱ्या किती? तेवीस. शेवटची जानेवारीतली. त्यानंतर एकही नाही.

बाबांची एक डायरी आहे. त्या पिढीतल्या पुष्कळ गाडीवाल्यांकडे असते तशी. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, हवा भरली, कुठे गेलो. कपाटातून काढून ८००ची शेवटची दीड वर्षं मोजली. अलिबागच्या फेऱ्या एकशे अठ्ठेचाळीस. आईचं शुगर चेकिंग, बँक, वाचनालय, मंगळवारी मित्रांकडे पत्ते, कुणाला तरी सिव्हिल हॉस्पिटलला सोडणं.

१४८ आणि २३. हा आमच्या 'अपग्रेड'चा बेंचमार्क.

मग आता अलिबागला कसे जाता, विचारलं. "मिनीडोअर मिळते की नाक्यावर," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "गुडघ्यामुळे मला चढता येत नाही त्यात, म्हणून मी नाही जात." दारात अकरा लाखांची गाडी, तिच्यावर कापडी कव्हर, आणि तिच्यासमोरून माझे वडील छत्री घेऊन नाक्यावर जातात. हे वाक्य लिहिताना मला अजून लाज वाटते.

ज्यांना हे अतिरंजित वाटतंय त्यांना ३ जून २०२०ची आठवण देतो. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली ती दिवसचे दिवस आलीच नाही. फोन बंद. आम्ही दोघं भाऊ लॉकडाऊनमध्ये पुण्याला आणि ठाण्याला अडकलेले. आईचं इन्सुलिन थंड ठेवायला फ्रीज नाही. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी रस्त्यावरची झाडं कापून वाट केली. बाजूला सारलेल्या फांद्या आणि गडगा यांच्या मधून बाबांनी ती अरुंद गाडी काढली आणि अलिबागला जनरेटरवाल्या एका ओळखीच्यांकडून थर्मासभर बर्फ आणला. पुढे वीज येईपर्यंत रोज. तेव्हा आम्ही कुठलं ॲप बघत होतो? ती गाडी आमच्यासाठी आठवण होती. त्यांच्यासाठी ती आजही लागणारी वस्तू होती. तर मग सांगा, इमोशनल कोण होतं?

आता पैशाचं. ८०० वर्षाला साधारण ३,००० किलोमीटर चालायची. पंधराच्या ॲव्हरेजने दोनशे लिटर पेट्रोल, म्हणजे एकवीस हजार. रिपेअरिंग दहा हजार. थर्ड पार्टी विमा दोन हजारांच्या आसपास. नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर पाच वर्षांत वाटले तर वर्षाला दीड-दोन हजार. सगळं मिळून पस्तीस हजार. नव्या गाडीवर नऊ लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: महिन्याला १८,७०० रुपये. म्हणजे जुन्या गाडीचा पेट्रोलसकट वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या दोन हप्त्यांहून कमी. पाच वर्षांत नुसतं व्याज सव्वादोन लाखांच्या घरात. आणि विम्याच्या घसारा तक्त्याप्रमाणे पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. नवी गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. हौस म्हणून घ्या, आपले पैसे आहेत. फक्त 'जुनी परवडत नव्हती' असं म्हणू नका. पाचवीतल्या मुलालाही हे गणित येतं.

'सरकारच जुन्या गाड्या बंद करतंय' हेही ऐकतो. नीट वाचा. दिल्लीचा मामला वेगळा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली. २०२१च्या स्क्रॅपिंग धोरणाने महाराष्ट्रातली तुमची खाजगी गाडी पंधरा वर्षं झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. तपासणीत पास झाली तर नूतनीकरण होतं. फी वाढतेय हे मात्र खरं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १०,००० रुपये झाली आहे. नाहीच पास झाली तर अधिकृत केंद्रात स्क्रॅप करून सर्टिफिकेट घ्या, त्यावर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते.

आता एक्स्चेंज नावाची गंमत. शोरूमने आमच्या ८००चे पंधरा हजार धरले आणि वर 'एक्स्चेंज बोनस' वीस हजार. आम्ही खूश. पंधरा दिवसांनी आमच्याच ग्रुपमधल्या एकाने जुनी गाडी न देता तेच मॉडेल घेतलं. त्याला 'कॅश डिस्काउंट' किती मिळाला? वीस हजार. म्हणजे बोनस गाडीचा नव्हताच. म्हणून दोन सौदे वेगळे करा. आधी एक्स्चेंजशिवाय नव्या गाडीचा भाव काढा, जुन्या गाडीचा भाव बाहेर विचारा, मगच एकत्र बोला.

आणि कागद! बाबांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, शोरूमच्या पोराने 'हो जायेगा सर' म्हटलं, आम्ही निघालो. सात महिन्यांनी बाबांच्या मोबाइलवर ई-चलान आलं. आमची ८००, भिवंडीजवळ, सिग्नल तोडला. गाडी अजून बाबांच्याच नावावर! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललेलं नसेल तर अपघाताच्या भरपाईला रजिस्टरवरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय. त्या गाडीखाली कुणी आलं असतं तर? आमच्या प्रॅक्टिकलपणाची ही दुसरी बाजू. दोन महिने फोन करून नाव बदलून घेतलं. गाडी दिल्यावर नव्या नावाची आरसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुटलो असं समजू नका.

चलानाचा फोटो बाबांना दाखवला तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन जवळ घेतली. नंबर प्लेट वाचली. म्हणाले, "म्हणजे चालतेय अजून."

आम्ही तिला खटारा म्हणत होतो.

आता माझ्याविरुद्धचा एकच मुद्दा असा आहे ज्याच्यापुढे मी मान खाली घालतो: सुरक्षितता. ८००ला एअरबॅग नाही, एबीएस नाही. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ दोनदा पॅच मारून घेतला होता. वडखळच्या रस्त्यावर समोरून ट्रेलर येत असताना त्या पत्र्यात माझे आईबाबा बसलेले मला नको आहेत. ८०० कधीतरी जायलाच हवी होती, हे मी मान्य करतो. पण सुरक्षिततेचं कारण खरं असतं तर आम्ही काय केलं असतं? त्यांना बसता येईल, चालवता येईल, फाटकातून जाईल अशी एअरबॅगवाली छोटी गाडी शोधली असती. दोन्ही पुढच्या एअरबॅग आता छोट्या गाड्यांनाही सक्तीच्या आहेत. पण आम्ही सनरूफ शोधलं. न काढलेली गाडी सगळ्यात सुरक्षित, यात वाद नाही. पण मग मिनीडोअरला कुठे एअरबॅग असते?

मी ऑटोमॅटिकच्या विरुद्धही नाही. माझ्या सासूबाई साठीनंतर ऑटोमॅटिकवर गाडी शिकल्या आणि आता आम्हालाच सोडायला स्टेशनला येतात. ती गाडी त्यांनी स्वतः निवडली. फरक तेवढाच आहे आणि सगळा फरक तोच आहे.

शेवटी आम्ही काय केलं? एसयूव्ही पुण्याला आणली. आता ती उघडपणे माझी आहे, हप्ताही माझा, महाबळेश्वरही माझं. यंदा फेब्रुवारीत बाबांना घेऊन अलिबाग-पेणमधल्या सेकंडहँड गाड्या बघत फिरलो. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. बाबांनी चार गाड्या नाकारल्या. पाचवी, चार वर्षांची छोटी हॅचबॅक, दोन एअरबॅग, क्लचवाली. मालकाला विचारून ती चौलपर्यंत चालवत आणली. आरसे न मिटता फाटकातून आत, परत रिव्हर्सने बाहेर. उतरले, बॉनेट उघडून पाहिलं, आईला पुढच्या सीटवर बसवून उतरवून पाहिलं. मग म्हणाले, "ही घेऊ."

'बरं' नाही. 'घेऊ.' पन्नास वर्षं ऐकत आलो तरी या दोन शब्दांतला फरक आम्हाला कळला नव्हता.

त्या पेढेवाल्याला सोमवारी विचारणार आहे: गाडी घेण्याआधी बाबांनी ती चालवून पाहिली होती का?

डायरी परत सुरू झालीय. मागच्या आठवड्यात अलिबागच्या तीन फेऱ्या.